कंपनीनं लावला तिथंच!

"मिस्तरीचं तोंड बघायची गरज न्हाई! जीप मी चालू करतो आन् पोरीला दहाच्या आत पूर्णेला उतरवतो!" पालमच्या बन्सीधररावांनी सकाळी सकाळी अख्ख्या गल्लीला ऐकवलं.

पोरगी म्हणजे भक्ती. आयटीआयला डिझेल मेकॅनिक शिकलेली. पूर्णेच्या एका ट्रॅक्टर वर्कशॉपात तिची मुलाखत होती, आणि दहानंतर आलेल्याला आत घेणार नव्हते. एसटीनं ती आरामात पोचली असती. पण दारात जीप असताना एसटी? बापाचा अपमान!

जीपच्या टाकीचा तळ मात्र गंजून चाळणी झालेला. बन्सीधररावांनी मागच्या सीटवर पाच लिटर डिझेलचा कॅन ठेवला, इंजिनाकडं जाणारी नळी त्यात सोडली आणि हात झटकले.

भक्तीनं वाकून बघितलं. "आप्पा, रिटर्न पाईप कुठंय?"

"टाकीत! कंपनीनं लावला तिथंच!"

"आवो, इंजिन सगळं डिझेल जाळत न्हाई. उरलेलं त्या पाईपानं माघारी येतं. त्यो बी कॅनात सोडा, न्हाईतर..."

"आमी गाड्या चालवायलो तवा तू पाळण्यात व्हतीस! कंपनीचे इंजिनियर येडे हायत का? बस गाडीत!"

भक्ती बसली. बापाला उलट बोलायचं नाही, हे तिला आयटीआयच्या कितीतरी आधी शिकवलेलं होतं.

जीप सुसाट निघाली. थोड्या वेळानं एक मोटारसायकलवाला शेजारी येऊन ओरडला, "काका, डिझेल गळायलंय!"

"जळतेत लेकाचे!" बन्सीधरराव म्हणाले. "जीपवाल्याचं बघवत न्हाई!"

दुसरा जोरजोरात हात करत आला. त्याला यांनी ऐटीत रामराम घातला.

भक्तीनं मागं वळून बघितलं. डांबरावर ओली रेघ, पार पालमकडं गेलेली! कॅनातलं डिझेल इंजिनात, इंजिनातलं चाळणी झालेल्या टाकीत आणि टाकीतलं सरकारी रस्त्यावर, असा कारभार सुरळीत चालू होता.

अर्ध्या वाटेत जीप दोनदा खोकली आणि गप्प झाली. कॅन कोरडा ठणठणीत!

"कॅनच फुटका निघाला की!" बन्सीधररावांनी तो उन्हात धरून चारी बाजूंनी तपासला. भोक काही सापडेना.

भक्तीच्या डोळ्यांत पाणी आलं. "दोन वर्सं शिकले, आप्पा. तुमी दोन मिनिटं ऐकलं असतं तर!"

बन्सीधररावांनी बॉनेट उघडलं आणि त्यात डोकं घातलं.

तेवढ्यात मागून एसटी आली. भक्तीनं हात केला, डोळे पुसले आणि चढली.

संध्याकाळी ट्रॅक्टरला दोरीनं बांधून जीप घरी आली. मागोमाग भक्ती पेढे घेऊन आली. "लागली नोकरी! साहेबानं इचारलं, रिटर्न पाईप चुकीच्या जागी ठेवला तर काय व्हतं? मी सकाळचं सगळं सांगितलं."

"बघा!" बन्सीधरराव गल्लीकडं तोंड करून गरजले. "शेवटी माझ्यामुळंच लागली!"

"साहेबानं जीप मागवलीय. नव्या पोरांना दाखवायची म्हणे. दुरुस्त करू नका, हाय तशी आणा म्हणले."

बन्सीधररावांची छाती फुगली. "आन् मला?"

"तुमाला बी बोलावलंय," भक्ती पेढा पुढं करत म्हणाली. "हाय तसेच या म्हणले."