सिंथेसायझरची पूजा

यंत्राकडून काम कसं करून घ्यायचं, हे मला कोणी शिकवू नये! तरुणपणी खामगावच्या एका ऑर्केस्ट्रात मी सिंथेसायझर वाजवत असे. छोटंसं, सगळ्यात स्वस्तातलं. एका वेळी एकच सूर काढायचं. पण त्यावर मी बीन अशी वाजवायचो, की नवरदेवाचे काका नव्या कपड्यांसकट जमिनीवर लोळायचे!

पुढे मास्तर झालो, निवृत्त झालो, आणि यंदा कळलं की कंपनीनं तेच यंत्र पुन्हा काढलंय. तसंच काळं, तसेच नॉब, आणि आताही स्वस्तच. लगेच मागवलं!

लग्नात कीबोर्ड वाजवणारा शेजारचा राजकुमार बघायला आला.

"सर, याच्यात आवाज किती हायत?"

"एकही नाही."

"हाव ना बाप्पा! मंग घेतलं काऊन?"

"म्हणूनच घेतलं! तुझ्याकडे बटन दाबलं की तयार बासरी. मुलांना काय कळणार तिचा आवाज कसा बनतो? इथं हा नॉब आवाजाची धार कमी करतो, हा थरथर वाढवतो. मूल हातानं फिरवतं, कानानं शिकतं."

"अन् बनवलेला आवाज सेव्ह कसा होते?"

"होत नाही."

राजकुमारनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बिनचाकाची सायकल घेतली होती.

संध्याकाळी माझ्या ओसरीवर गावातली मुलं शिकायला येतात. आमच्या वडनेरच्या वाचनालयाच्या कार्यक्रमासाठी आम्ही एक नाटुकलं बसवत होतो. गारुडी मी, नाग चौथीतली प्राची. मागच्या वर्षी ही पोर स्टेजवर आली, माणसं पाहिली आणि रडत पळाली. तेव्हापासून चार लोकांत तोंड उघडत नव्हती. यंदा मी युक्ती केली. तिला झाकणाच्या टोपलीत बसवायचं. माणसं दिसणार नाहीत, भीती वाटणार नाही!

"बीन वाजली की बाहेर यायचं," मी बजावलं. "त्याआधी नाही. काहीही झालं तरी!"

पुष्कळ खटपट करून बीनचा आवाज जमला. आता तो जपायचा कसा?

"मोबाइलवर फोटो काढा ना, सर," राजकुमार म्हणाला.

"फोटो कशाला? खुणा करतो!"

काळ्या यंत्रावर पेन्सिल उमटेना. शेवटी देव्हाऱ्यातल्या कुंकवात बोट बुडवलं आणि नॉब जिथं ठेवायचा तिथं एकेक ठिपका दिला. वर टॉवेल झाकला. कार्यक्रमापर्यंत हात लावायचा नाही!

मध्ये दसरा आला आणि गेला.

रविवारी सकाळी सभामंडप भरला. टोपलीत प्राची, समोर तिची आजी पंचफुलाबाई. राजकुमारनं माझ्यापुढे माइक लावला. मी ऐटीत टॉवेल ओढला.

माझे ठिपके गायब! सगळे नॉब कवायतीतल्या मुलांसारखे सरळ उभे, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हळद-कुंकू!

पहिल्या रांगेत आमच्या सौभाग्यवती अन्नपूर्णाबाई कौतुकानं हसत होत्या. "अवो, पाहता काय? दसऱ्याले पूजा केली म्या त्याची! कोनं तरी वाकडंतिकडं कुंकू सांडलं होतं, सारं पुसलं. नॉबबी सरळ केले!"

मी देवाचं नाव घेऊन पट्टी दाबली. यंत्र म्हशीसारखं हंबरलं! मंडपामागच्या गोठ्यातून गावातल्या दयारामच्या खऱ्या म्हशीनं उत्तर दिलं. लोक हसून लोटपोट. मी घाईघाईनं दुसरा नॉब फिरवला, तर पाण्याच्या मोटारीची घरघर.

"लाइन आली बे!" म्हणत, वीज आली समजून दयाराम शेताकडे पळाला.

तिसरा फिरवला. चढावरची एसटी!

टोपली मात्र हलेना.

"सर, पोरगी गुदमरून राह्यली ना आत!" पंचफुलाबाई ओरडल्या.

मी टोपलीशी वाकलो. "प्राची, ये बाळा बाहेर."

"बीन कुठी वाजली, सर?" आतून आवाज आला. त्या आवाजात रडू दाटलं होतं.

इतकी आज्ञाधारक विद्यार्थिनी मी नोकरीभर शोधली, आणि ती नेमकी आज सापडली! झाकण मीच उघडलं असतं, तर ती पुन्हा पळाली असती, आणि मग कायमचीच.

मी यंत्रामागे मान खाली घातली. एक हात नुसता दाखवायला पट्ट्यांवर ठेवला, दुसऱ्यानं नाक चिमटीत धरलं आणि माइकमध्ये सूर लावला, "ऊंऽऽ ऊंऊंऽऽ!"

झाकण उडालं! प्राची फणा काढून उभी राहिली. माणसं पाहिली, क्षणभर थबकली. मी नाक आणखी घट्ट दाबलं. ती डोलली, मग फिरली, मग अशी नाचली की पंचफुलाबाईंनी जागेवरूनच बोटं मोडून तिची दृष्ट काढली! नाच संपल्यावर पोरगी स्टेजवरून उतरेचना. "सर, पुन्हा वाजवा!" ती सगळ्यांसमोर ओरडली.

तीनदा वाजवलं.

राजकुमार धावत आला. "सर, मानलं तुमच्या मशिनले! शेवटचा आवाज कोनत्या नॉबनं काढला?"

मी गंभीर चेहऱ्यानं धारेच्या नॉबबद्दल समजावायला सुरुवात केली. तो काही ऐकेना, नुसता माझ्या तोंडाकडे पाहून हसत राहिला. तेवढ्यात अन्नपूर्णाबाईंनी टॉवेल पुढे केला.

"आधी नाक पुसा. हळद-कुंकवानं भरलं सारं! पूजा म्या मशिनची केली, अन् पावलं तुमचं नाक!"