प्रमाणित नाक

हवा-शुद्धता कार्यालयात गंधनिरीक्षक या पदावर एकोणीस वर्षं इमानेइतबारे वास घेणाऱ्या गृहस्थांच्या टेबलावर एका सोमवारी त्यांच्याच थोरल्या बहिणीचा अर्ज आला. अर्ज साधा होता. खालच्या वस्तीत ती बालवाडी चालवते; खोली एक, मुलं बावीस. भिंतीला भिंत लागून कारखाना आहे, तिथे हाडं उकळून सरस काढतात. सकाळी भट्टीचं झाकण उघडलं की मुलं ओकतात. आईबाप आता मुलं पाठवेनासे झाले आहेत. तरी वासाचा बंदोबस्त व्हावा, नाहीतर बालवाडी बंद पडेल.

अर्जात नातं लिहिण्याचा रकाना नव्हता, ही देवाचीच कृपा. निरीक्षक खालच्या वस्तीतले, हे कार्यालयात कुणाला ठाऊक नव्हतं. ते खोटं बोलले होते असं मात्र नाही. अडलेल्या आईला ऐन वेळी वरच्या गावातल्या इस्पितळात नेलं होतं, तेव्हा ‘जन्मस्थान : वरचं गाव’ हे शंभर टक्के खरं. वाढलात कुठे, हे नोकरीच्या अर्जात विचारलंच नव्हतं. वस्तीतल्या लोकांच्या पणजोबांना कारखान्यानेच हाडं फोडायला दूरदेशाहून आणलं होतं. माणसं वर्णाने गडद, बोलण्याला वेगळाच हेल. निरीक्षक तेवढे उजळ निपजले, आणि हेल त्यांनी विसाव्या वर्षी आरशासमोर बसून काढून टाकला. तेव्हापासून ते नाकासमोर चालत आले होते.

कायदा म्हणाल तर मोठा उदार. ‘हवा सर्वांची’ असं त्याचं नावच होतं आणि भागाच्या लोकप्रतिनिधींनी तो मंजूर करून घेताना सभागृहात डोळे पुसले होते. परमेश्वराने वारा सोडताना कुणाचा पत्ता विचारला नाही. ती त्रुटी या कायद्याच्या सातव्या कलमाने भरून काढली. उगमापासून एक किलोमीटरच्या आत जो माणूस नव्वद दिवसांहून अधिक राहिला, त्याचं नाक ‘सवयग्रस्त’ समजावं. सवयग्रस्त नाकाला वास कळत नाही, सबब त्याची साक्ष ग्राह्य धरू नये. वास घ्यावा तो प्रमाणित नाकांनी, म्हणजे जी नाकं तिकडे कधी राहिलेली नाहीत त्यांनी.

संध्याकाळी निरीक्षक हे सगळं समजावून सांगायला बालवाडीत गेले.

“म्हणजे आम्हाला वास येत नाही?” अक्काने सतरंजीची घडी घालता घालता विचारलं.

“कायद्याने येत नाही.”

“मग पोरं काय हौसेने ओकतात?”

“ते आरोग्य खात्याकडे येतं, अक्का.”

“बरं. तुला येतो का रे?”

निरीक्षकांनी सतरंजीचं दुसरं टोक धरलं. गल्लीच्या तोंडाशी उतरल्यापासून तो जुना, गोडसर कुजका वास त्यांच्या टाळूला चिकटून बसला होता. लहानपणी शाळेत कुणी त्यांच्या शेजारी बसत नसे तो याच वासापायी.

“हे बघ,” अक्का म्हणाली, “तिघं येणार, त्यात तू एक. जे येईल तेवढं खरं लिही. जास्त मागत नाही मी.”

“आणि मी कोण ते?”

“मी नाही हो सांगत, साहेब,” ती हसून म्हणाली. “चहा घेणार, की कपाला पण सवय लागते?”

गंधमापन समितीने नियमाप्रमाणे कारखान्याला आठ दिवस आधी नोटीस दिली, म्हणजे कुणाची गैरसोय नको. नियमाप्रमाणेच वेळ दुपारी तीनची ठरली; भट्टी उघडते सकाळी सहाला, पण सहाला कार्यालय उघडत नाही. समितीत निरीक्षकांखेरीज दोघं. एक अभिलेखपाल बाई, ज्यांना अकरा वर्षं सर्दी होती आणि म्हणून ज्यांचा अहवाल नेहमी निःपक्षपाती असे. दुसरे लोकप्रतिनिधींचे मेहुणे, ज्यांना नाक होतं.

फाटकाशी कारखान्याच्या व्यवस्थापकाने हात जोडून स्वागत केलं. आठ दिवसांत फाटकापासून भट्टीपर्यंत गुलाबपाण्याचे फवारे बसले होते.

“वा!” मेहुणे म्हणाले. “आमच्या घरी सुद्धा एवढा वास नाही.”

निरीक्षकांना गुलाब आला, आणि गुलाबाखाली हाडं आली. परंतु तक्त्यात एकाच वासाची जागा होती आणि ‘प्रथम जाणवलेला लिहावा’ अशी छापील सूचना होती. तिघांनीही ‘गुलाब, आल्हाददायक’ असं लिहिलं.

वस्तीत गाडी आली तेव्हा बाई उतरल्या नाहीत. मेहुण्यांनी काच बोटभर खाली केली, बाहेर खेळणाऱ्या पोरांकडे पाहिलं, काच वर केली आणि शून्य मांडलं. बाईंनी त्यांच्या शून्यात बघून स्वतःचं शून्य मांडलं. निरीक्षक एकटे बालवाडीच्या दारापर्यंत चालत गेले. पाचपैकी किती तीव्रता, हे लिहायचं होतं. एकोणीस वर्षांत त्यांनी कधी दोनच्या वर आकडा घातला नव्हता. दारातून अक्का बघत होती, अनोळखी बाईने साहेबाकडे बघावं तशी. त्यांनी चार लिहिले. आकडा स्वच्छ उमटला.

त्या रात्री ते पोटभर जेवले. चांगलं काम केल्यावर माणसाला भूक लागते.

पंधरा दिवसांनी संचालकांचा आदेश निघाला. उगमाजवळ, म्हणजे कारखान्याच्या फाटकाशी, कोणताही आक्षेपार्ह वास आढळला नाही; याबाबत समितीचं एकमत आहे. वस्तीत मात्र एका अनुभवी सदस्यास तीव्रता चार आढळली. इतर दोन सदस्य वाहनात असल्याने त्यांचा निष्कर्ष वाहनापुरता ग्राह्य. ज्या अर्थी वास कारखान्यात नाही आणि वस्तीत आहे, त्या अर्थी वास वस्तीचाच आहे. सबब वस्तीतील रहिवाशांना ‘उत्सर्जक’ घोषित करण्यात येत आहे. एका खोलीत बावीस उत्सर्जक एकत्र करणारी बालवाडी हे ‘सामूहिक उत्सर्जन केंद्र’ असून ते सात दिवसांत बंद करावं. आपल्याला एवढा त्रास होत असूनही कारखान्याने शेजाऱ्यांविरुद्ध तक्रार केली नाही, याची आदेशात कौतुकाने नोंद होती.

निरीक्षक धावतच संचालकांच्या खोलीत गेले.

“साहेब, वास हाडांचा आहे. माणसांचा नाही.”

“कशावरून?”

“ओळखतो मी तो.”

“फाटकाशी तर तुम्हीच गुलाब लिहिलाय.”

“गुलाबाच्या खाली हाच होता. साहेब, हा वास मी लहानपणापासून...”

वाक्य तोंडातून निसटलं. संचालकांनी चष्मा काढला.

“लहानपणापासून? कुठे?”

निरीक्षकांनी सांगून टाकलं. आई, इस्पितळ, गल्ली, आरसा, सगळं. सांगता सांगता एकोणीस वर्षांनी हेल आपणहून परत आला. संचालकांनी खुर्ची हातभर मागे सरकवली. मघापर्यंत त्यांना कसला वास येत नव्हता, आता यायला लागला होता.

“म्हणजे तुमचं नाक सवयग्रस्त.”

“हो साहेब!” निरीक्षकांचा चेहरा उजळला. “म्हणजे माझे चार बाद! चार बाद म्हणजे वस्तीत वासच नाही. आदेश रद्द करा!”

संचालक सज्जन होते. त्यांनी कायद्याचं पुस्तक उघडून पान दाखवलं.

“नाक म्हणून तुमचे चार बादच. पण तुम्ही तिथले रहिवासी निघालात. तेव्हा ते चार आता मोजमाप नाही, कबुली आहे. आणि कबुलीला नाक लागत नाही.”

सातव्या दिवशी बालवाडीला सील लागलं. लाख वितळवणाऱ्या शिपायाने तोंडाला रुमाल बांधला होता.

“बंदच पडायची होती, ती पडली,” अक्का म्हणाली. “तुझी नोकरी मात्र फुकट गेली.”

“मी खरं लिहिलं, अक्का.”

“लिहिलंस रे. चार वेळा वाचलं मी.” तिने भावाच्या पाठीवर हात ठेवला. “चल. आज पोरं पिंपळाखाली बसलीत. त्यांना अंक शिकव. चारच्या पुढचे.”

गंधनिरीक्षकाचं पद सध्या रिक्त आहे. उमेदवार खालच्या वस्तीत कधी राहिलेला नसावा, शक्यतो कधी गेलेलाही नसावा. लेखी परीक्षा नाही. आलेल्या अर्जदारांना या प्रकरणाची संपूर्ण हकीकत आरामखुर्चीत बसून वाचायला दिली जाते. शेवटपर्यंत वाचून ज्यांचा हात एकदाही नाकाकडे गेला नाही, मधून मधून ज्यांना हसूही आलं, त्यांची नाकं प्रमाणित समजण्यात येतात.

आपली नेमणूक झाली आहे. मंगळवारी रुजू व्हावं. गाडी घरी येईल, काचा बंदच असतात.