गुरुवारचा सत्यनारायण

भोसरीतल्या आपल्या वर्कशॉपात दौलतरावांनी नवं ईमेल सॉफ्टवेअर घेतलं आणि पुनमचे ग्रह फिरले. सॉफ्टवेअर म्हणे फार भारी. आला-गेला प्रत्येक मेल ते स्वतःच वाचणार, त्यातली तारीख-वेळ हुडकणार आणि लेथ मशिनींच्या वर भिंतीवर लावलेल्या टीव्हीवर लिहून दाखवणार. माल कधी जाणार, टेम्पो कधी येणार, सगळं सगळ्यांसमोर. माणशी वेगळं खातं घ्यायची सोय होती. पण दौलतरावांनी स्वतःसकट सगळ्यांना मिळून एकच घेतलं.

"एका घरातली माणसं आपण. घरात कुणी आपापलं कुलूप लावतं का?"

"पण साहेब, आपले मेल ते सॉफ्टवेअरवाले वाचत बसणार?" पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या पुनमनं भीतभीत विचारलं.

"वाचेनात का! ज्याच्या मनात पाप नाही त्यानं कशाला घाबरायचं?"

पुनमच्या मनात पाप नव्हतं, चाकण होतं. तिथल्या एका मोठ्या कंपनीत तिनं अर्ज केला होता. आणि बायोडाटा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर होता म्हणून बाईसाहेबांनी तो ऑफिसच्याच खात्यावरून पाठवला होता. दौलतरावांना दुसऱ्या नोकरीचा नुसता वास आला, तरी माणूस त्याच दिवशी घरी बसायचा. लेथवरचे बबनराव ऐन दिवाळीच्या तोंडावर तसेच घरी बसले होते.

सोमवारी शिफ्ट सुरू झाली आणि टीव्ही उजळला : 'गुरुवार, ११ वाजता. पुनम यांची मुलाखत. चाकण.'

सगळ्या लेथवरच्या माना वर झाल्या आणि मुकाट्यानं खाली गेल्या.

"अगं आई गं!" साहेब यायच्या आत पुनमनं ती ओळ पुसली. लगेच दुसरी आली : 'कार्यक्रम रद्द. सर्व संबंधितांना कळवले आहे.' संबंधितांत चाकणची कंपनीही आली. तिथून फोन.

"मॅडम, तुम्ही येणार नाही?"

"येणार, येणार! चुकून झालं हो!"

त्या बिचाऱ्यांनी पुन्हा मेल पाठवला. सॉफ्टवेअरनं तो पुन्हा वाचला आणि मुलाखत पुन्हा भिंतीवर चढली.

"पुसायचं नसतं, बदलायचं असतं. सरका जरा," स्टोअर सांभाळणारा गोरक्ष म्हणाला. त्यानं 'मुलाखत' खोडून 'सत्यनारायण' लिहिलं. आता सत्यनारायण म्हटलं की आमंत्रणं आलीच, एवढं त्या सॉफ्टवेअरला बरोब्बर कळत होतं. त्यानं खात्यावरच्या झाडून सगळ्या पत्त्यांवर आमंत्रणं धाडली. बेअरिंगवाला येतो म्हणाला, टेम्पोवाला दोन्ही मुलांना आणतो म्हणाला, आणि चाकणहून फोन आला, आधी मुलाखत की आधी प्रसाद?

दहा वाजता दौलतराव आले.

"काय गं, घरचा सत्यनारायण आणि आमंत्रण मेलवर? तेही चाकणला?"

"मामांकडे आहे, साहेब." चाकणमध्ये पुनमचा मामाच काय, ओळखीचं कुत्रंही नव्हतं.

"मग यायलाच हवं. आमच्या घरच्या रुक्मिणीबाईंनाही आणतो. फक्त अकराचं माझं एक काम... थांब." त्यांनी केबिनच्या दारातच कुणाला तरी फोन लावला. लागेना. मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी मोबाइलवरून मेल लिहिला आणि पाठवला. "झालं! आलोच बघ गुरुवारी."

पुनमला रडायचंच काय ते बाकी होतं. नोकरी इकडचीही जाणार आणि तिकडचीही.

तेवढ्यात टीव्ही टुणकन वाजला. 'गुरुवार, ११ ऐवजी ४ वाजता. वर्कशॉप विकत घेणारी पार्टी जागा बघायला येणार. कामगारांना कळू देऊ नये.'

एकेक मशीन बंद होत गेलं. गोरक्षनं ती ओळ मोठ्यानं वाचली, आणि 'कामगारांना कळू देऊ नये' हे तर दोनदा वाचलं. पुनमची भीती कुठल्या कुठे गेली. तिला नुसता संताप आला. सकाळपासून आपण इथं चोरासारखे वावरतोय, आणि हा माणूस छप्परच विकायला निघालाय!

दौलतराव तिच्या टेबलाशी आले. आवाज अगदी खाली.

"पुनम, हे... हे पुसता येतं का गं?"

"येतं की साहेब. पण पुसलं की ते सर्व संबंधितांना कळवतं."

कोपऱ्यातल्या लेथवरून भिवा उठला. वर्कशॉपातला सगळ्यात जुना माणूस. साहेबांकडे न बघता त्यानं फडक्याला हात पुसले आणि पुनमला म्हणाला,

"ताई, तुमच्या त्या चाकणच्या सत्यनारायणाला आमी समदी येतो. फकस्त येवढं सांगा, बायोडाट्याला फोटो लागतो का?"