सफरचंदाचा जामीन

मेहरंगीज बहिणीकडे गेली रे गेली, की इस्फंदियारने करवत काढली. इराणातल्या दमावंदच्या त्यांच्या घरामागे सफरचंदाचं एकच झाड होतं, तिच्या वडिलांनी लावलेलं. तीन वर्षं त्यावर फळ नव्हतं. वाळक्या फांद्यांच्या गुंत्यात ऊन शिरत नव्हतं, पण ती मात्र ‘बाबांच्या हातचं आहे’ म्हणून काडीलाही हात लावू देत नव्हती.

करवत बोथट निघाली. त्याने फांद्या तोडायला कुऱ्हाड आणली, उगारली आणि तेवढ्यात दार वाजलं. मेहरंगीज चष्मा विसरली होती.

“अहो! हे काय चाललंय?”

कुऱ्हाड हवेतच राहिली. “घाबरवतोय त्याला,” तो कसाबसा म्हणाला. “फळ न देणाऱ्या झाडाला धमकावायची जुनी रीत नाही का?”

तिचा चेहरा असा खुलला, की त्याला स्वतःचीच लाज वाटली. “माझ्या मनात कधीचं होतं! पण मग जामीन कुठाय? झाडासाठी कुणी रदबदली नको करायला?” आणि तो अडवणार तोच ती भिंतीकडे वळून ओरडली, “उस्ता यदुल्ला! धावा हो!”

उस्ता यदुल्ला म्हणजे शेजारचा म्हातारा न्हावी. याच झाडाची एक फांदी त्याच्या हौदात पानं ढाळते, म्हणून त्याचं आणि इस्फंदियारचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. तो तर खुशाल म्हणेल, तोडा!

उस्ता आला. कुऱ्हाड बघून त्याचे डोळे चमकलेही. पण मेहरंगीजचे डोळे भरलेले दिसले, आणि त्याने मुकाट्याने इस्फंदियारचं मनगट धरलं.

“थांबा, आगा! यंदा सोडा बिचाऱ्याला. फळ देईल. मी जामीन.”

“आणि नाही दिलं तर?” इस्फंदियारने रीतीप्रमाणे दरडावलं.

“तर ही मिशी उतरवीन!”

“यंदाही नाही लागलं, तर मग खरंच तोडा,” मेहरंगीज हळूच म्हणाली. “मला असं बघवत नाही.” आणि ती चहा ठेवायला गेली.

उस्ता त्याच्या कानाशी लागला. “शहाण्या, ही झुलपं उतरवल्याशिवाय फळ येणार कुठून? माझी मिशी जाईल ना!” मग मोठ्याने, “खानूम! झाड म्हणतंय, नौरोजच्या, नव्या वर्षाच्या आधी सगळे केस कापून घेतात, मीच तेवढं का राहू?”

जामिनाचा शब्द तिला मोडवेना. उस्ताने आपली करवत आणली. प्रत्येक फांदी उतरवली, की तो दोन पावलं मागे जाऊन मान तिरकी करून बघायचा.

“डावीकडं जास्त गेलं, आगा. आणि तुझं डोकं कुणी भादरलंय रे? बकरीनं चरल्यागत दिसतंय!”

“तू बोलत नव्हतास, मग जाऊ कुठं?” इस्फंदियार फुरंगटून म्हणाला. हौदावरची फांदी शेवटी ठेवली होती, पण चहा आला आणि ती राहूनच गेली.

वसंतात झाड फुलांनी भरलं आणि एका दुपारी गारांनी सगळं झोडपलं. उन्हाळा सरत आला तरी फळ दिसेना. उस्ता येता-जाता मिशी चाचपू लागला. मेहरंगीज झाडाकडे बघेनाशी झाली, आणि तेच इस्फंदियारला सोसवत नव्हतं.

एका शुक्रवारी सकाळी त्याने तिला हाताला धरून बागेत आणलं. “बघ तरी!”

झाड लगडलं होतं. इकडच्या फांद्यांवर पिवळी सफरचंदं होती. ती त्यानेच पहाटे दोऱ्याने बांधली होती. पण हौदावरच्या फांदीवर लालभडक सफरचंदं कुठून आली? भिंतीपलीकडून उस्ताचं डोकं वर आलं. दोघांची नजरानजर झाली.

“बाबांच्या झाडाला लाल सफरचंदं?” मेहरंगीजने विचारलं.

“लाजली असतील, खानूम,” उस्ता म्हणाला. “तीन वर्षं काही दिलं नाही म्हणजे लाज वाटणारच.”

तिने एक ओढलं. सोबत दोरा आला. दोघांनी माना खाली घातल्या. मग इस्फंदियारने भीत भीत वर पाहिलं. ती झाडाच्या मधोमध बघत होती. तिथे आता ऊन येत होतं, आणि त्या उन्हात एक खरबरीत, पिवळं, लिंबाएवढं सफरचंद होतं. त्याला दोरा नव्हता.

तिने ते तोडून हुंगलं. “बाबांचंच,” ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. मग डोळे पुसून तिने त्याचे तीन तुकडे केले, एक भिंतीवरून उस्ताला दिला. आंबट होतं, तरी तिघांनी बियांसकट खाल्लं.

“उस्ता, मिशी वाचली,” ती म्हणाली. “आणि अहो, पुढच्या वर्षी आणखी कापा. ऊन येऊ दे. ती हौदावरची फांदी आधी उतरवा.”

उस्ता साठीचं वय विसरून भिंतीवर चढला आणि त्याने वाकून इस्फंदियारचं मनगट पकडलं.

“थांबा, आगा! त्या फांदीला मी जामीन आहे!”