गाब्बा दिग्दर्शित ‘कुंपण’

हिवाळी कुरणातून समुद्रकिनाऱ्याकडे जाणाऱ्या आमच्या वाटेवर खाण कंपनीने कुंपण घातले. त्या वसंतात रेनडिअरच्या गाभण माद्या अडकून कुंपणाशीच व्याल्या आणि पाडसे बर्फात गारठून मेली. शासनाने या व्यथेची गंभीर दखल घेतली आणि आम्हाला एक कॅमेरा दिला.

योजनेचे नाव ‘आपली गोष्ट, आपल्याच हाती’. अट एकच, दिग्दर्शकाचे नाव कळवावे. इथे पंचाईत झाली. आम्हा रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांत कुणी कुणाला हुकूम सोडत नाही. जो तो आपापल्या कळपाचा राजा.

“सगळे मुकाट ज्याच्या मागे जातात, असा कुणीच नाही का तुमच्यात?” अनुदान समितीच्या इंग्विल्डबाईंनी फोनवर विचारले.

“आहे की,” राव्नामावशी म्हणाली. “गाब्बा.”

गाब्बा म्हणजे गळ्यात घंटा बांधलेला आमचा पांढरा म्होरक्या रेनडिअर. बाईंनी नाव लिहून घेतले. आडनाव विचारले नाही. आदिम परंपरेत ढवळाढवळ नको, असे समितीचे धोरणच होते.

गाब्बा निघाला, आम्ही कॅमेरा घेऊन मागे. तो कुंपणाशी गेला आणि तारेला नाक लावून उभा राहिला तो राहिलाच. झाला चित्रपट. राजधानीत तो भलताच गाजला. परीक्षकांनी ‘दिग्दर्शकाचा विलक्षण संयम’ नावाजला. दिग्दर्शक मुलाखती देत नाही हे कळल्यावर तर त्याचा दबदबा आणखी वाढला. मंत्रिमहोदय ढसाढसा रडले आणि रडता रडताच त्यांनी घोषणा केली, की या चित्रपटाने अजरामर केलेले कुंपण राष्ट्रीय वारसा म्हणून जतन करण्यात येईल.

तोवर कुंपण नुसते कंपनीचे होते, आता देशाचे झाले. त्याला रंग दिला. पाहुण्यांच्या गाड्यांसाठी बर्फ काढून जागा केली. शिंगे घासल्याने वारशाची झीज होते, सबब रेनडिअरना तिकडे फिरकण्यास मनाई झाली.

“केवढा मोठा मान मिळाला, मावशी!” इंग्विल्डबाई म्हणाल्या.

“मान घाल चुलीत! माझ्या माद्यांनी व्यायचं कुठं?”

“अगदी हाच विषय! यावर आपण दुसरा भाग काढू या.”

मावशीचे डोकेच फिरले. पुरस्कार सोहळ्याला ती आपली मालवाहू गाडी घेऊन गेली, इंजिन चालूच ठेवून आत शिरली आणि थेट मंचावर चढली.

“कुंपण उपटायला दहा माणसं पुरतात. इथं तर सगळा गाव बसलाय. गाडी दारात आहे. चला, उठा!”

सगळे सभागृह उठले. उठून टाळ्या वाजवू लागले. मावशी वाट पाहत राहिली, पण कुणाचे हातच मोकळे होईनात.

तुम्हालाही मावशीचे म्हणणे पटले असेलच. बसा, उठू नका, सावकाश पान पुरे करा. पाडसे काय, पुढच्या वसंतातही मरतील.