साळिंदर बॉलिवूड करतं

डबिंगच्या धंद्यात माझी बावीस वर्षं गेली. माझ्या लेखणीतून पाणघोडा ढसाढसा रडलाय, टोस्टर प्रेमात पडलाय! म्हणून परदेशी कार्टूनचा नवा भाग आला, तेव्हा स्टुडिओच्या मालकांना मी छातीठोकपणे सांगितलं, "अर्ध्या तासाचं काम! गाणं मीच लिहितो, मीच गातो!"

"बघा हं," मालक म्हणाले, "हे पसंत पडलं तर पुढचे सव्वीस भाग आपले. नाही पडलं तर स्टुडिओला कुलूप."

कार्टून होतं एका साळिंदर कुटुंबाचं. सोज्वळ, मुलाबाळांसोबत बघण्यासारखं. या भागात ते बॉलिवूडला जातात. विमानातून उतरतात न उतरतात तोच समोर हत्ती! हत्तीवर नवरदेव! तो खाली उतरतो आणि कुठूनतरी दोनशे खारी घागरे घालून नाचत येतात! साळिंदरबाबा एका हातानं वर बल्ब फिरवतात, दुसऱ्यानं खाली कुत्रा थोपटतात. ना बल्ब, ना कुत्रा, हा म्हणे नाच! पटकथेत एवढंच लिहिलं होतं : 'इथे सगळे बॉलिवूड करतात.' आणि गाणं काय? "झिंगा मिंगा बालम फुंगा!" आता याचं भाषांतर करायचं तर आधी ही भाषा बोलणारं कुणीतरी जन्माला यायला हवं!

मी आपल्या चार अर्थपूर्ण ओळी लिहून पाठवल्या. परदेशातल्या निर्मातीबाईंचा व्हिडिओ कॉल आला.

"ओळी सुंदर आहेत. पण बॉलिवूड वाटत नाही."

"अहो बाई, मी ते सिनेमे बघत वाढलोय! तिथेही उगाच कुणी नाचत नाही. आधी प्रेम होतं, मग तासभर गैरसमज..."

"आणि मग सगळे धावत येतात ना?"

"सिनेमात! घरात कोण धावत येतंय?"

"उद्या अकराला गाऊन दाखवा. हातवारे करून. आवाजात नाच उतरला पाहिजे."

स्टुडिओत रंगकाम चाललेलं. घरात आवाज न घुमणारी जागा एकच, बेडरूममधलं कपड्यांचं कपाट. कोटांमध्ये बॅटरीवरचा माइक टांगला, मोज्यांच्या ढिगाला टेकवून फोन उभा केला आणि अकराच्या ठोक्याला डोकं आत घातलं. एक हात वर, कपाटातल्या दिव्यापाशी. दुसरा खाली, थडथड हलतोय. आणि तोंडानं, "झिंगाऽऽ मिंगाऽऽ!"

नेमक्या त्याच वेळी सासूबाई टॉवेलांच्या घड्या घेऊन आल्या. सासूबाई वीज कार्यालयातून निवृत्त झालेल्या. एकतीस वर्षं तक्रार खिडकीवर! त्यांना काय दिसलं? कपाटातून बाहेर आलेलं जावयाचं धड, दिव्याला चिकटलेला हात, आणि भलत्याच भाषेतला टाहो.

"शॉक बसला! हात लावू नका कुणी! मेन स्विच बंद कर गं!"

त्यांनी पोछ्याचा लाकडी दांडा उचलला आणि माझ्या खांद्यावर हाणला.

"आऽऽऽई गंऽऽ!" मी किंचाळलो.

"आई, मी गातोय!"

"गाताय? म्हणजे डोक्यापर्यंत पोचला!" दुसरा दांडा!

बायको धावली खरी, पण घाबरून तिनं जिन्यातला अख्ख्या इमारतीचा मेन स्विच ओढला. क्षणात सगळे मजले आमच्या दारात! वरचे दंतवैद्य, त्यांच्यामागे गळ्यात कागदी रुमाल अडकवलेला त्यांचा पेशंट, समोरच्या शिंपीणबाई टेपसकट, वाळूची बादली घेतलेला रखवालदार.

"सोडा!" सासूबाई ओरडल्या.

"सोडा! सोडा! हात सोडा!" सगळे एका ठेक्यात ओरडले. पेशंटचं तोंड बधिर होतं. तो बिचारा "होहा! होहा!" करत होता.

तेवढ्यात मोज्यांमधून टाळ्या ऐकू आल्या.

"अप्रतिम! थांबू नका! मला हेच हवं होतं, बघा, सगळे धावत आले!"

"बाई, हा गैरसमज आहे हो!" मी कळवळून म्हणालो.

"हो, हो! तोही हवाच, तुम्हीच तर सांगितलंत!"



माइकनं टिपलेला तो सगळा कल्लोळच गाण्यात वापरला गेला. साळिंदरबाबा तोंड वासतात तिथे माझं 'आई गं' असं चपखल बसलं, की ओठ आणि आवाज यांत तसूभरही फरक राहिला नाही. सव्वीस भाग मिळाले. साळिंदर आजीसाठी बाईंनी सासूबाईंचाच आवाज मागितला. "अर्थ नसलेलं एक अक्षर बोलणार नाही," ही अट घालून त्या तयार झाल्या, आणि गाण्यातलं 'झिंगा मिंगा' कायमचं गेलं. गेल्या आठवड्यात तो भाग लागला. सगळी इमारत आमच्याकडे. साळिंदरं, हत्ती आणि दोनशे खारी शुद्ध मराठीत विनवत होत्या, "सोडा, सोडा, हात सोडा!" पेशंटला आपला आवाज ओळखू आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मालकही आले होते. गाणं संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"इतकी वर्षं ऐकतोय तुम्हाला, पण त्या 'आई गं'मध्ये जी वेदना आहे ना! कशी आणलीत हो?"

"रियाज," मी म्हणालो, आणि त्यांनी कौतुकानं खांद्यावर थाप मारायच्या आत दोन पावलं मागे सरकलो.