पाच हात अंगण

आमचा देश द्वीपकल्प आहे तो आवडाबाई मयेकरांच्या अंगणामुळे. देशाच्या तीन बाजूंना समुद्र आहे. चौथ्या बाजूला, जिथे इतर देशांना लांबलचक सरहद्द असते, तिथे आम्हाला हे अंगण आहे. अंगणाच्या दक्षिणेला आवडाबाईंचं घर आणि घरामागे सगळा देश. उत्तरेला माडाचं एक खोड आडवं टाकलेलं आहे, त्यापलीकडे खंड सुरू होतो. पूर्वेला एक समुद्र आणि पश्चिमेला दुसरा. खंडात जाणारा-येणारा प्रत्येक माणूस या अंगणातून जातो, कारण दुसरी वाटच नाही.

मी सलगता कार्यालयात मोजणीदार आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ओहोटीला जायचं, अंगणाची रुंदी दोनदा मोजायची आणि कमी भरेल तो आकडा नोंदवहीत लिहायचा, हे माझं काम. सव्वीस वर्षं केलं. नाचता येईना अंगण वाकडे ही म्हण आमच्या कार्यालयात कुणी उच्चारत नाही. एका शिपायाने एकदा उच्चारली होती, त्याला लेखी खुलासा द्यावा लागला.

रुंदीच्या बाबतीत दोन आकडे महत्त्वाचे. पहिला चार हात. अंगण चार हातांपेक्षा अरुंद झालं तर देश बेट ठरतो. त्यात तसं वाईट काही नाही, बेटांवरही माणसं राहतात. पण नैर्ऋत्य वाऱ्यांशी आमचा जो करार आहे तो द्वीपकल्प म्हणून आहे. बेटांना ते 'जमेल तसा' पाऊस देतात. म्हणून दर वर्षी पंचवीस मे रोजी देशाच्या दक्षिण टोकावर एका मोठ्या फळ्यावर अंगणाची रुंदी लिहून ठेवतात. वारे ती वाचतात आणि निघतात. माझ्या आधीच्या काळात एकदा कुणीतरी खोटा आकडा लिहून पाहिला होता. त्या वर्षी वारे वेळेवर आले, पण कोरडे आले.

दुसरा आकडा पाच हात. अंगण पाच हातांहून कमी असेल तर अंगणधारकाला रजा मिळत नाही. आवडाबाई अंगणधारक आहेत. मी नोकरीला लागलो तेव्हा अंगण सतरा हात होतं आणि त्या जत्रेला, बारशाला, कुठेही खुशाल जात. मग अंगण घटू लागलं. गेली नऊ वर्षं त्या अंगणाबाहेर पडलेल्या नाहीत. चार वर्षांपूर्वी त्यांच्या सुगंधाचं लग्न खंडातल्या मुलाशी झालं, तेव्हा आईला हजर राहता यावं म्हणून लग्न अंगणातच लावलं. वऱ्हाड एका ओळीत बसून जेवलं.

या एप्रिलच्या पहिल्या सोमवारी माझी एसटी वाटेत बंद पडली आणि चपलेचा अंगठा तुटला. जांभ्याच्या तापलेल्या रस्त्याने मी चार मैल अनवाणी चालत गेलो. पोचलो तेव्हा पाय घोट्यापर्यंत लाल झाले होते. आधी मोजणी केली. चार हात दोन बोटे.

"मोजणीदारानू, ह्ये पाय खयसून आणल्यात?" आवडाबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या.

"अंगणात पाय धुवायला मनाई आहे," मी म्हणालो.

"मनाई तुमच्या हापिसात ऱ्हवांदे. तशा पायांनी घरात इल्यात तर माका जेवान गोड लागणा नाय."

त्यांनी पश्चिमेच्या कडेला मला उभं केलं आणि पायांवर पाणी ओतलं. मला संकोच वाटला, पण बरंही वाटलं. पन्हं घेताना त्यांनी सांगितलं, "माझ्या चेडवाचे, सुगंधाचे दिवस भरत इले. जूनच्या सुरवातीक. पयलां बाळंतपण, आणि थंय तिची सासू पण नाय. माका जाऊक व्हया."

"अर्ज द्या," मी म्हणालो.

"नऊ वर्सां देतंय."

निघताना मी नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा मोजलं. चार हात, दोन बोटे आणि एक जव. मी पुन्हा मोजलं. जवाएवढं अंगण वाढलं होतं.

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पूर्वी अंगणातून जाणारा प्रत्येक प्रवासी तिथे पाय धुऊन पुढे जात असे. एकोणीस वर्षांपूर्वी मी टिपणी लिहिली, की पाणी सांडून माती वाहून जाते, सबब पाय धुण्यास मनाई करावी. मनाई झाली. त्यानंतर अंगण झपाट्याने घटू लागलं, तेव्हा पूर्वीच्या पाय धुण्याचे दुष्परिणाम आता दिसू लागले आहेत असा निष्कर्ष काढण्यात आला. तोही मीच काढला होता. त्याबद्दल मला कार्यालयाने शाल आणि नारळ दिला होता.

परतीच्या एसटीत मी खिडकीबाहेर बघितलंच नाही. मला स्वतःची लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी नोंदवही घेऊन तळवणेकर साहेबांसमोर उभा राहिलो. तळवणेकर साहेब आमचे कार्यालयप्रमुख. माणूस वाईट नाही, पण अंगण त्यांनी फक्त कागदावर पाहिलेलं.

"हे काय लिहिलंय, उणे घट एक जव?"

"वाढ लिहायला रकाना नाही, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला. "वाढ झाली म्हणजे माती आली. कुठली माती?"

"माझ्या पायांची. तालुक्याच्या रस्त्यावरची."

"म्हणजे तालुक्याचा रस्ता तेवढा घटला. देशाची एकूण माती तेवढीच. मग फायदा काय?"

"तेवढीच आहे, पण हवी तिथे आली. तिची बदली झाली असं समजा."

बदली हा शब्द साहेबांना समजतो. त्यांनी बराच वेळ फाइलीवर बोट फिरवलं. मग विचारलं, "ती मनाईची मूळ टिपणी कुणाची?"

"माझी, साहेब."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी तिथल्या तिथे मनाई पंचवीस मेपर्यंत प्रायोगिक तत्त्वावर उठवली आणि देखरेखीसाठी मलाच अंगणात पाठवलं.

मी सात आठवडे आवडाबाईंच्या पडवीत राहिलो आणि दिवसभर तांब्याने लोकांच्या पायांवर पाणी ओतलं. देश मी आजवर नकाशावर पाहिला होता. पायांवर पहिल्यांदाच पाहत होतो. पठारावरच्या कापूसवाल्यांच्या टाचांच्या भेगांत काळी माती असे, ती सहजासहजी सुटत नसे, पण सुटली की जागची हलत नसे. किनाऱ्यावरच्यांची वाळू पाण्याबरोबर निघून जाई. घाटातल्या बायकांच्या पायांची तांबडी माती सगळ्यांत गुणी. शहरातली माणसं बूटमोजे काढून मोठ्या ऐटीत पाय पुढे करत आणि आतून पाय असे स्वच्छ निघत की आम्ही वाया गेलेल्या पाण्याकडे बघत बसायचो. एका दुपारी साडेतीनशे मेंढ्या घेऊन धनगर आले. जनावरांचे पाय धरावेत का, याबद्दल आदेशात काही नव्हतं. आवडाबाई म्हणाल्या, "चार पाय असत म्हणान काय पाय न्हय ते?" संध्याकाळी मोजलं तर तीन बोटे वाढ होती. मेंढ्या सोडून सगळ्यांनीच आभार मानले.

वैशाखी अमावास्येच्या उधाणाने दोन्हीकडून मिळून चार बोटे नेली. त्या दिवशी आवडाबाई जेवल्या नाहीत. मीही नाही.

चोवीस मेला मोजणी झाली. चार हात तेवीस बोटे. चोवीस बोटांचा एक हात, म्हणजे पाच हातांना एक बोट कमी. दुसऱ्या दिवशी दक्षिण टोकावरच्या फळ्यावर आकडा चढला. कित्येक वर्षांत एवढा मोठा आकडा तिथे लिहिला गेला नव्हता. वाऱ्यांनी तो दोनदा वाचल्याचं तिथल्या कर्मचाऱ्याने कळवलं. कार्यालयात पेढे वाटले गेले आणि पाहणीसाठी तळवणेकर साहेब स्वतः अंगणात आले.

"उत्तम," ते म्हणाले. "देशाचं काम झालं. प्रयोगाची मुदत संपली. आता तांब्या आत ठेवा."

"आणि यांची रजा?"

"पाच हातांना एक बोट कमी आहे. रजा ही वैयक्तिक बाब आहे."

आवडाबाई दारात उभ्या होत्या. त्यांची पिशवी आठ दिवसांपासून भरून खुंटीला टांगलेली होती, डिंकाचे लाडू आणि मऊ धोतराची दुपटी. ती त्यांनी उतरवली आणि लाडू मुंग्या लागू नयेत म्हणून डब्यात काढायला घेतले. सव्वीस वर्षांत मी साहेबांना उलटून बोललो नव्हतो.

"साहेब, सूर्यास्तापर्यंत पंचवीस मे आहे," मी म्हणालो. "मुदत संपलेली नाही."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि ते ओट्यावर बसले. आम्ही तिघं माडाच्या खोडाकडे बघत राहिलो. तासभर कुणी आलं नाही. मग एक सायकलवाला आला, त्याचे पाय जमिनीला लागलेलेच नव्हते.

उन्हं कलल्यावर खंडाच्या बाजूने एक उंच माणूस जवळजवळ पळतच आला. तो तुळशीदास, आवडाबाईंचा जावई. त्याची वीटभट्टी आहे. घरून निरोप मिळाल्यावर तो मळलेल्या चिखलातून तसाच निघाला होता आणि सात तास एसटीत उभा राहून आला होता. गुडघ्यापर्यंत चिखल वाळून त्याचे पाय खांबासारखे दिसत होते.

"सुगंधाला आजच दवाखान्यात नेलंय," तो म्हणाला. "आई, ती तुमचंच नाव घेतेय. चला."

आवडाबाईंनी त्याला पाट मांडला. खरं तर जावयाचे पाय लग्नात धुवायचे असतात. पण तेव्हा मनाई होती, त्यामुळे यांचं लग्न पाय न धुताच लागलं होतं. आवडाबाई खाली बसल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी त्याचे पाय धुतले, अगदी बोटांच्या बेचक्यांतून. तुळशीदास चांगला बाप्या माणूस, पण त्याला डोळे पुसावे लागले. काळाकुट्ट चिखल पूर्वेच्या कडेला जाऊन बसला.

मी टेप लावला. पाच हात बरोबर.

"थांबा," साहेब म्हणाले. "ही माती खंडातली आहे. परक्या मातीची नोंद वेगळी होते. ती रुंदीत धरता येत नाही."

"साहेब," मी म्हणालो, "जावई परका नसतो."

साहेबांनी तुळशीदासकडे पाहिलं, आवडाबाईंच्या चिखलाने भरलेल्या हातांकडे पाहिलं. त्यांनाही दोन जावई आहेत. त्यांनी नोंदवही मागून घेतली, शेऱ्यात 'अंतर्गत' असं लिहिलं आणि वीस दिवसांची रजा मंजूर केली. बदली अंगणधारक म्हणून माझं नाव घातलं.

कार्यभार द्यायला आवडाबाईंना पाच मिनिटं लागली. खेकड्यांची बिळं रोज बुजवायची. सारवण शनिवारी. भरतीच्या वेळी मधोमध उभं राहून आधी पूर्वेकडे आणि मग पश्चिमेकडे 'पुरे' म्हणायचं.

"मोठ्याने?" मी विचारलं.

"नाय. पावण्याक जेवान वाढताना तो पुरे म्हणता ना, तसां. तेका राग येता नाय तर." त्या खोडापर्यंत गेल्या आणि थबकल्या. "मी गेलंय तर देश ऱ्हवतलो मां?"

"तुम्ही जा," मी म्हणालो. माझा आवाज मला वाटला होता तेवढा ठाम निघाला नाही. जावयाने हात दिला आणि त्या खंडात उतरल्या.

पाऊस ठरल्या दिवशी आला. भरपूर आला. पावसात प्रवासी कमी झाले आणि जे आले त्यांचे पाय वाटेतच धुऊन निघालेले होते. पहिले तीन दिवस समुद्राने माझं 'पुरे' ऐकलं नाही. चौथ्या दिवशी पूर्वेकडच्याने ऐकलं, पश्चिमेकडच्याने सहाव्या.

तेरा जूनला खंडातून येणाऱ्या एका कासाराने आवडाबाईंचं कार्ड आणून दिलं. जावयाच्या अक्षरात होतं. मुलगी झाली. वजन विचारू नये, बारीक आहे, पण रडते मोठ्याने. सुगंधा अजून अंथरुणात आहे. आणखी पंधरा दिवस रजा मिळाली तर बरं होईल, नसेल मिळत तर तसं कळवावं, मी निघते.

मी ओहोटीला टेप लावला. चार हात एकवीस बोटे. दोनदा मोजलं, आकडा तोच आला. तो नोंदवहीत खराखुरा लिहिला आणि घट या रकान्यात तीन बोटे.

मग कार्डाच्या कोऱ्या जागेत उत्तर लिहिलं: 'अंगणाची रुंदी पाच हातांहून कमी असल्याने नियमाप्रमाणे अंगणधारकास अंगण सोडता येणार नाही. सध्याचा अंगणधारक मी आहे आणि मी अंगण सोडणार नाही. आपली रजावाढ मंजूर. बाळाला घेऊनच या.'

सही केली, तारीख घातली आणि कार्ड उत्तरेकडे निघालेल्या पहिल्या माणसाच्या हाती दिलं. भरतीची वेळ झाली होती, म्हणून मी अंगणाच्या मधोमध जाऊन उभा राहिलो.